भरलेल्या हातांची रांग : आयनिक द्रवातून प्रोटॉन पुढे कसा सरकतो

मिठाच्या कोरड्या स्फटिकातून वीज वाहत नाही, पण तेच मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळले की उत्तम वाहक होते. स्फटिकात सोडियमचे धन आयन आणि क्लोराइडचे ऋण आयन आपापल्या जागी जखडलेले असतात. वितळल्यावर ते सुटे होतात आणि विद्युतदाब लावताच एकमेकांच्या उलट दिशांना सरकू लागतात. आयनिक द्रव म्हणजे असेच वितळलेले मीठ, फक्त ते वितळण्यासाठी भट्टीची गरज नसते. त्यातले आयन आकाराने मोठे आणि वेडेवाकडे असतात, त्यामुळे ते स्फटिकात घट्ट बसू शकत नाहीत आणि थोड्याशा उष्णतेनेही त्यांची रचना मोडते. १०० अंशांच्या आत वितळणाऱ्या क्षारांना आयनिक द्रव म्हणायचे असा संकेत आहे. ती मर्यादा निसर्गाने नव्हे, सोयीसाठी माणसांनी ठरवलेली आहे.

या द्रवांचा एक गट आम्ल आणि आम्लारी यांच्या साध्या मिश्रणातून तयार होतो. आम्लाचा रेणू आपला प्रोटॉन आम्लारीच्या रेणूला देतो. देणारा ऋण आयन होतो, घेणारा धन आयन होतो, आणि पाण्याचा थेंबही नसताना सगळे पात्र आयनांनी भरते. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली वर्णन केलेले इथिलअमोनियम नायट्रेट हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. इथिलअमाइन ही आम्लारी आणि नायट्रिक आम्ल यांच्यापासून बनणारा हा क्षार साधारण १२ अंशांना वितळतो, म्हणजे सामान्य तापमानाला तो द्रवच असतो. अशा द्रवांना प्रोटिक आयनिक द्रव म्हणतात. त्यांचा जन्मच प्रोटॉनच्या देवाणघेवाणीतून झालेला असल्यामुळे त्यांच्यातून वीज वाहते तेव्हा ती प्रोटॉनच वाहून नेत असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मात्र बहुतेक वेळा तसे नसते, आणि ते का नसते हे समजले की या विषयातले निम्मे कोडे सुटते.

त्याआधी प्रोटॉनचा स्वभाव पाहायला हवा. हायड्रोजनच्या अणूतला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरते ते नुसते केंद्रक, म्हणजेच प्रोटॉन. सोडियम किंवा पोटॅशियमच्या आयनाभोवती इलेक्ट्रॉनांचे कवच शिल्लक असते. प्रोटॉनभोवती काहीही नसते. त्यामुळे इतर आयनांच्या तुलनेत तो सुमारे लाखपट लहान आहे. इतक्या लहान जागेत एकवटलेला धन प्रभार द्रवात उघडा राहूच शकत नाही. जवळच्या एखाद्या ऑक्सिजन किंवा नायट्रोजनच्या अणूकडे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी असतेच. प्रोटॉन लगेच तिच्यात जाऊन बसतो. द्रवातला प्रोटॉन हा असा सदैव कोणाच्या तरी घरी राहणारा पाहुणा असतो. त्याचा प्रवास दोनच प्रकारे होऊ शकतो : यजमान त्याला सोबत घेऊन फिरेल, किंवा तो एका यजमानाकडून दुसऱ्याकडे जाईल.

दुसरा प्रकार पाण्यात सर्वांत ठळकपणे दिसतो. २५ अंशांना, अतिशय विरल द्रावणात, सोडियम आयनाची मोलर वाहकता, म्हणजे ठरावीक संख्येच्या आयनांमागे मोजलेली वाहकता, सुमारे ५० एकक भरते, पोटॅशियमची सुमारे ७३, आणि प्रोटॉनची जवळपास ३५०. हायड्रोनियम आयन, म्हणजे प्रोटॉन घेतलेला पाण्याचा रेणू, आकाराने पोटॅशियमच्या आसपास आहे. तो पाण्यातून पोहत गेला असता तर त्याचा वेगही पोटॅशियमच्या जवळपास असता. इतका मोठा फरक पडतो याचा अर्थ येथे पोहण्याशिवाय आणखी काहीतरी घडत आहे.

ते काय असावे याचा अंदाज थिओडोर ग्रोटहस या विशीतल्या तरुणाने १८०६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात बांधला होता. त्यावेळी पाण्याचे सूत्र ठाऊक नव्हते, इलेक्ट्रॉनचा शोध लागायला ९१ वर्षे अवकाश होता आणि प्रोटॉन हा शब्द तर १९२० साली आला. तरीही विजेमुळे पाण्याचे विघटन होताना घटक टोकापासून टोकापर्यंत प्रवास करत नाहीत, तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये अदलाबदल होत जाते, ही त्याची कल्पना गाभ्यात बरोबर निघाली. तपशील पुढे पुष्कळ बदलले, पण अशा हस्तांतराला आजही ग्रोटहस यंत्रणाच म्हणतात.

बांधकामावर वाळूची घमेली वर चढवण्यासाठी माणसे रांगेत उभी राहतात ते दृश्य डोळ्यांसमोर आणावे. एकाच माणसाने घमेले डोक्यावर घेऊन खालून वर जाणे हा एक मार्ग. घमेले हातोहात पुढे देत जाणे हा दुसरा. पाण्यातला प्रोटॉन मुख्यतः दुसऱ्या मार्गाने जातो. एका रेणूचा प्रोटॉन हायड्रोजन बंधावरून पुढच्या रेणूकडे सरकतो, त्या रेणूचा दुसराच एखादा प्रोटॉन त्याच्या पुढच्याकडे जातो, आणि कोणताही रेणू फारसा हललेला नसताना धन प्रभार पुढे पोहोचतो. निघालेला प्रोटॉन आणि पोहोचलेला प्रोटॉन हे एकच नसतात, पण विजेच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही.

या उपमेतली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, आणि पुढच्या सगळ्या विवेचनासाठी तीच महत्त्वाची आहे. घमेले पुढे देण्याला क्षणभरही लागत नाही. वेळ लागतो तो पुढच्या माणसाचे हात मोकळे होऊन तो घेण्यासाठी वळण्याला. पाण्यातही प्रोटॉनची प्रत्यक्ष उडी ही अवघड पायरी नाही. ज्या रेणूकडे तो जाणार आहे त्याच्याभोवतीचा एखादा हायड्रोजन बंध आधी तुटावा लागतो, शेजाऱ्यांची मांडणी बदलावी लागते, तेव्हा कुठे तो रेणू प्रोटॉन स्वीकारायच्या स्थितीत येतो. हे सर्व एक-दोन पिकोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाइतक्या अवधीत घडते. हातोहात वहनासाठी तीन गोष्टी लागतात : देणारा, मोकळ्या हाताचा घेणारा आणि रांगेला वळायला पुरेशी मोकळीक. यांतले एक जरी नसले तरी रांग थांबते.

आता इथिलअमोनियम नायट्रेटकडे वळू. त्यात प्रत्येक अमाइनने प्रोटॉन आधीच घेतलेला आहे, म्हणजे रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात एकेक भरलेले घमेले आहे. शेजारी नायट्रेट आयन आहेत, त्यांचे हात रिकामे दिसतात. पण नायट्रिक आम्ल हे तीव्र आम्ल असल्यामुळे एकदा दिलेला प्रोटॉन परत घेण्याची नायट्रेटला अजिबात इच्छा नसते. द्यायला सगळ्यांकडे आहे, घ्यायला कोणी नाही. अशा द्रवात प्रोटॉन पुढे जातो तो आपल्या अमाइनच्या खांद्यावर बसून, त्या अख्ख्या आयनाच्या गतीने. याला वाहन यंत्रणा म्हणतात आणि बहुतेक प्रोटिक आयनिक द्रवांत तीच चालते. त्यात प्रोटॉनला सोडियम किंवा इतर कोणत्याही आयनाहून वेगळा काही मान मिळत नाही. शिवाय हे द्रव दाट, म्हणजे वाहायला जड, असतात. इथिलअमोनियम नायट्रेट पाण्याच्या सुमारे ३० ते ४० पट दाट आहे, आणि त्यातल्या त्यात तो पातळ म्हणावा असा आहे. मधात चालणाऱ्याला जसे प्रत्येक पाऊल जड जाते तसे त्यातल्या आयनांचे होते.

प्रोटॉन किती पक्केपणाने दिला गेला आहे हे मोजण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ पीकेए हा अंक वापरतात. हा अंक जितका लहान तितके आम्ल प्रोटॉन द्यायला उत्सुक. मूळ आम्लाचा अंक आणि प्रोटॉन घेतलेल्या आम्लारीचा अंक यांतला फरक काढला की देवाणघेवाण एकतर्फी आहे की दोलायमान, हे कळते. नायट्रिक आम्ल आणि इथिलअमाइन यांच्यात हा फरक सुमारे १२ आहे. अमेरिकेतील ऍरिझोना स्टेट विद्यापीठातील ऑस्टिन अँजेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे अनेक द्रव तपासून दाखवले की फरक साधारण १० च्या पुढे गेला की हस्तांतर जवळजवळ पूर्ण होते आणि द्रव चांगल्या आयनिक द्रवासारखा वागतो. हा आकडा ढोबळ आहे. पीकेए पाण्यात मोजलेला असतो, आणि पाणी नसलेल्या द्रवात तोच हिशेब जसाच्या तसा लागू होईल असे नाही. ज्या अमाइनांना शेजाऱ्यांशी अधिक हायड्रोजन बंध जोडता येतात त्यांच्यात कमी फरकानेही हस्तांतर पूर्ण होते. तरी पहिला अंदाज म्हणून तो उपयोगी आहे.

माझ्या मते या विषयाचा खरा पेच येथे आहे. आयनांची संख्या वाढवायची तर प्रोटॉन पूर्णपणे दिला गेला पाहिजे, म्हणजे फरक मोठा हवा. पण फरक जितका मोठा तितका प्रोटॉन नव्या घरात घट्ट रुततो आणि तेथून हलत नाही. उलट फरक लहान ठेवला तर प्रोटॉन दोन्ही घरांत ये-जा करू शकतो, पण मग बहुसंख्य रेणू प्रभाररहित राहतात आणि वाहकतेसाठी लागणारे आयनच कमी पडतात. एका हाताने वाढवावे ते दुसऱ्या हाताने कमी होते.

प्रोटॉन खांद्यावरून गेला की हातोहात, हे ओळखायचे कसे? वाहकता मोजणारे उपकरण याबाबत मुके असते. ते फक्त एकूण प्रभार किती वेगाने सरकला ते सांगते, कोणी सरकवला ते सांगत नाही. त्यासाठी दोन मार्ग वापरले जातात.

पहिला मार्ग वाल्डेन यांच्याच १९०६ सालच्या एका निरीक्षणावर आधारलेला आहे : आयन द्रवातून पोहत जात असतील तर द्रव जितका दाट तितकी मोलर वाहकता कमी, आणि या दोन राशींचा गुणाकार जवळपास स्थिर राहतो. आलेखावर दाटपणा आणि वाहकता यांची लॉगॅरिथम मूल्ये मांडली की पोटॅशियम क्लोराइडच्या विरल द्रावणावरून एक तिरकी संदर्भरेषा मिळते. बहुतेक आयनिक द्रव या रेषेच्या जवळ किंवा थोडे खाली पडतात. रेषेच्या बरेच खाली पडणाऱ्या द्रवात एकतर प्रोटॉनचे हस्तांतर अपुरे राहिलेले असते, किंवा धन आणि ऋण आयन जोडीने फिरत असतात आणि जोडीचा एकूण प्रभार शून्य असल्यामुळे तिच्या फिरण्याने वीज वाहत नाही. या दोन कारणांत फरक करणे एकट्या आलेखाला जमत नाही, हा त्याचा उणेपणा आहे. रेषेच्या वर पडणारा द्रव विरळा. तेथे द्रव स्वतः संथ असूनही प्रभार त्याच्यापेक्षा जलद पळत असतो, आणि तो हातोहात वहनाचा संकेत असतो.

दुसरा मार्ग अधिक थेट आहे. चुंबकीय अनुस्पंदनाच्या एका पद्धतीत चुंबकीय क्षेत्राचा उतार क्षणभर लावून अणूंच्या केंद्रकांवर त्यांच्या जागेची खूण उमटवली जाते, आणि काही मिलिसेकंदांनी ती केंद्रके किती दूर गेली ते पाहिले जाते. धन आयनाच्या सांगाड्यातील कार्बनला जोडलेले हायड्रोजन कधीच सुटत नाहीत, म्हणून त्यांची गती ही वाहनाची गती. नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन हाच आपला प्रवासी प्रोटॉन. दोघांचा विसरण वेग, म्हणजे द्रवात आपोआप पसरत जाण्याचा वेग, सारखा आला तर प्रवासी वाहनातून उतरलाच नाही; प्रवाशाचा वेग अधिक आला तर तो मध्ये कोठेतरी वाहन बदलत आहे.

जपानमधील योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठातील मासायोशी वातानाबे यांच्या गटाने २००३ साली नेमका हा प्रयोग केला. त्यांनी इमिडाझोल ही पाच अणूंच्या कड्याची आम्लारी आणि फ्लुओरिनयुक्त इमाइड गटाचे एक अतितीव्र आम्ल यांचे मिश्रण घेतले. दोन्ही समप्रमाणात असताना प्रवासी आणि वाहन एकाच वेगाने चालत होते. सगळ्यांचे हात भरलेले. मग त्यांनी इमिडाझोलचे प्रमाण वाढवत नेले. या कड्यात दोन नायट्रोजन असतात : एक प्रोटॉन बाळगतो, दुसरा घेऊ शकतो. त्यामुळे जादा इमिडाझोलचा प्रत्येक रेणू हा मोकळ्या हाताचा माणूस ठरतो, आणि तोही असा की एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देऊ शकतो. अशा मिश्रणात नायट्रोजनवरचा प्रोटॉन आपल्या वाहनापेक्षा जलद सरकताना आढळला. आम्लारीचा प्रभाररहित रेणू आपल्यासोबत कोणताही प्रभार आणत नाही, केवळ रिकामी जागा आणतो; तरीही वहनाची तऱ्हा बदलते.

मोकळ्या हातांचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र आयनिक द्रवांच्या रूढ व्याख्येच्या जरा बाहेरचे आहे. शुद्ध फॉस्फरिक आम्ल ४२ अंशांना वितळते आणि काकवीसारखे दाट असते, तरी त्याची वाहकता चांगली असते, कारण तिचा सुमारे ९७ टक्के भाग हातोहात वहनातून येतो. त्याच्या प्रत्येक रेणूत प्रोटॉन देऊ शकणारे तीन गट असतात, पण सहजपणे घेऊ शकणारी जागा मुख्यतः एकच. देणारे जास्त आणि घेणाऱ्या जागा कमी असल्यामुळे हायड्रोजन बंधांचे जाळे कधीच समाधानाने स्थिर होत नाही. एक बंध जुळला की दुसरा कोठेतरी तुटलेला असतो. जर्मनीतील श्टुटगार्ट येथील माक्स प्लांक संस्थेत क्लाउस-डिटर क्रॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अस्वस्थ जाळ्याचा अभ्यास केला आहे. त्यातून एक गोष्ट कळते : हायड्रोजन बंध नुसते बळकट असून भागत नाही. बळकट बंधावरून उडी सोपी होते खरी, पण सगळे बंध बळकट आणि नीटनेटके असले की रांगेला वळायला जागा उरत नाही.

पेचाचे दुसरे टोकही तपासून झाले आहे. एन-मिथिलइमिडाझोल आणि ऍसिटिक आम्ल यांच्या पीकेए अंकांतला फरक जेमतेम अडीचच्या आसपास आहे. समप्रमाणातल्या या मिश्रणात बहुतांश रेणू प्रभाररहितच राहतात, म्हणजे आयनिक द्रव हे नाव त्याला खरे तर शोभत नाही. असे असूनही ते मिश्रण इतके वाहक निघते की आयनांच्या तुटपुंज्या संख्येवरून त्याची उपपत्ती लागत नाही. अशा द्रवांना छद्म-प्रोटिक आयनिक द्रव म्हटले गेले, आणि येथे आम्ल व आम्लारी यांच्यातील हलक्या देवाणघेवाणीचा हात असावा असे स्पष्टीकरण दिले जाते. फारसे आयन नसलेला वाहक द्रव ही कल्पना काही वर्षांपूर्वी हास्यास्पद वाटली असती.

येथे एक सावधगिरीची सूचना जोडावीशी वाटते. प्रोटिक आयनिक द्रव हवेतली आर्द्रता हावरेपणाने शोषून घेतात, आणि थोडेसे पाणीही द्रव पातळ करते, शिवाय प्रोटॉनला आपल्या रेणूंच्या रूपात नवे मोकळे हात मिळवून देते. त्यामुळे एखाद्या द्रवाची वाहकता छापलेली असेल पण त्यात पाणी किती होते हे नोंदवलेले नसेल, तर त्या आकड्यावर मी तरी विसंबणार नाही.

हा सगळा खटाटोप ज्या कारणासाठी चालतो ते म्हणजे इंधन घट, म्हणजेच हायड्रोजनसारख्या इंधनापासून थेट वीज बनवणारा विद्युतघट. त्यात एका विद्युतअग्रावर हायड्रोजनपासून प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या मंडलातून काम करत जातात, प्रोटॉन आतून पलीकडे जातात आणि तेथे ऑक्सिजनशी मिळून पाणी बनते. आज रूढ असलेले नॅफिऑन या बहुवारिकाचे (प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) पटल ओले असेल तरच प्रोटॉन वाहते, म्हणून असे घट साधारण ८० अंशांच्या आसपास चालवावे लागतात. तापमान १२० किंवा १५० अंशांपर्यंत नेता आले तर हायड्रोजनमधील कार्बन मोनॉक्साइडच्या अंशाने प्लॅटिनम निकामी होण्याचा त्रास कमी होतो आणि घट थंड ठेवणेही सोपे जाते. पण तेथे पाणी टिकत नाही. न उकळणारा, कोरडा प्रोटॉनवाहक म्हणून आयनिक द्रवांकडे लक्ष गेले ते यासाठी. डायइथिलमिथिलअमोनियम ट्रायफ्लेट हा त्यातला नावाजलेला द्रव. तो शून्याखालीही द्रव असतो आणि १२० अंशांना त्याची वाहकता सुमारे ४० मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर भरते. चांगल्या ओल्या नॅफिऑनची वाहकता १०० च्या आसपास असते, म्हणजे आकडा तुलनेने वाईट नाही.

पण घटात हा आकडा फसवा ठरू शकतो. विद्युतअग्रांवर फक्त प्रोटॉन आत येतो आणि बाहेर जातो. अमाइन किंवा ट्रायफ्लेट (या द्रवातला ऋण आयन) यांना बाहेर पडायला वाट नाही. प्रोटॉन अमाइनच्या खांद्यावरून पलीकडे पोहोचला की तेथे उतरतो आणि रिकामे अमाइन मागे उरते. ते परत पहिल्या टोकाला आले तरच पुढचा प्रोटॉन उचलणार, आणि त्याच्यावर आता प्रभार नसल्यामुळे विद्युतक्षेत्र त्याला ओढत नाही. त्याला विसरणाने, म्हणजे स्वतःच पसरत पसरत, यावे लागते. दरम्यान एका टोकाला आम्लारी साचते, दुसऱ्या टोकाला आम्ल वाढते. वाहकता मोजताना मात्र प्रत्यावर्ती विद्युतदाब वापरतात, आयन जागच्या जागी मागेपुढे हलतात आणि असे काही साचत नाही; म्हणून मापनात ट्रायफ्लेटच्या उलट दिशेने सरकण्याचाही वाटा जमा होतो, जो घटात कामाचा नाही. घमेले घेऊन जाणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने परतावे लागते, रांगेतल्या माणसाला परतावे लागत नाही. फॉस्फरिक आम्लात भिजवलेली पॉलिबेन्झिमिडाझोल या उष्णता सोसणाऱ्या बहुवारिकाची पटले १६० अंशांच्या आसपास चालणाऱ्या घटांत प्रत्यक्ष वापरात आली, त्यामागे त्या आम्लातल्या हातोहात वहनाचा मोठा वाटा आहे.

वाहन यंत्रणा आणि हातोहात यंत्रणा वेगळ्या करून दाखवणारी सर्वांत कडक कसोटी थंडीची आहे. द्रव स्फटिक न होऊ देता थंड करत नेला तर तो अधिकाधिक दाट होतो आणि शेवटी काचेसारखा गोठतो. पोहणाऱ्या आयनांसाठी तेथे सगळे संपते, म्हणून साध्या आयनिक द्रवाची वाहकता काच होण्याच्या बिंदूला जवळजवळ शून्यावर येते. पोलंडमधील कॅटोव्हित्से येथील शास्त्रज्ञांनी औषधे म्हणून वापरल्या जाणाऱ्या काही प्रोटिक क्षारांवर, विशेषतः रक्तदाबावरील कार्व्हेडिलॉलच्या फॉस्फेटवर, असे प्रयोग केले. द्रवाचा सांगाडा गोठलेला असतानाही त्यातून प्रभार अपेक्षेपेक्षा कित्येक पटींनी जलद सरकत राहिला. त्या काचेत चालणारे कोणी उरले नव्हते; फॉस्फेटांच्या रांगेतून घमेली पुढे जात होती.